जाधव मिसच्या चौतीस मेंढ्या

जाधव मिसना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, नाटकातले पार्ट राहतात. एकदा त्यांना स्कूटरवर मागे बसवून मी कुवेंपुनगरला निघालो होतो. हेल्मेटचा पट्टा लावायला विसरलो म्हणून पोलिसाने अडवलं. मी खिसे चाचपत होतो, तेवढ्यात मागून मिसनी मान बाहेर काढली. "अरे, तू उंटाचे मागचे पाय ना?" तो सहा फुटी माणूस भर चौकात लाजला. "हौदु मिस," असं कानडीत कबूल करून त्याने आम्हाला वाट करून दिली. पुढे गेल्यावर मिस म्हणाल्या, "पुढचे पाय बँकेत लागलेत. पण चाल याचीच चांगली होती."

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत मिस शिवण आणि कला शिकवतात, मी रसायनशास्त्र. बायकोला बेळगोळच्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून मी सांगलीहून म्हैसूरला आलो. मिसचं घराणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. कुणी पणजोबा-खापरपणजोबा म्हैसूरच्या राजांच्या फौजेत होते. स्टाफरूममध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, पण त्यांचं मराठी आणि माझं मराठी अर्ध्या वाटेवरच भेटतं. "सर, स्वल्प सरका. सुम्ने बसू नका, ही टाचणी धरा." स्वल्प म्हणजे थोडं आणि सुम्ने म्हणजे उगीच, हे मी टाचण्या टोचून घेत शिकलो.

डिसेंबरातल्या कलोत्सवात मिसचा एकच कायदा. रंगमंचावर पाय ठेवल्याशिवाय एकही मूल घरी जायचं नाही. गाता येत नाही? झाड हो. झाड होऊन खाजवतोस? मग डोंगर हो. त्यामुळे आमच्या ख्रिस्तजन्माच्या नाटकात पूर्वेकडून तिघांऐवजी नऊ राजे येतात, आणि देवदूतांची इतकी दाटी होते की गव्हाणीतलं बाळ कुणाला दिसत नाही. हेडमिस्ट्रेस सिस्टर एकदा दबकत म्हणाल्या, "मिस, राजे जरा जास्त नाही का झाले?"

"वर्गात मुलं जास्त आहेत, सिस्टर. राजांचा काय दोष?"

स्वतः मिस मात्र कधी पडद्याबाहेर आल्या नाहीत. सत्कारालासुद्धा नाही. "समोर माणसं दिसली की माझा घसा बंद. आतच बरी मी." यंदाचा कलोत्सव त्यांचा शेवटचा, मार्चमध्ये निवृत्ती. सव्वीस वर्षांत एकही मूल राहिलं नव्हतं. "एवढं एक वर्ष नीट जाऊ दे, मग आयतु," त्या म्हणायच्या. आयतु म्हणजे झालं, सुटले.

आणि सूत्रसंचालन माझ्याकडे होतं.

कार्यक्रमपत्रिका मी शास्त्रीय पद्धतीने केली. कार्यक्रम, वर्ग, मिनिटं, सगळ्याला रंगीत रकाने, वरून लॅमिनेशन. रकाने इतके ऐसपैस झाले की शेवटचा कार्यक्रम कागदाच्या मागच्या बाजूला गेला. परीक्षेच्या वेळी मी वर्गावर्गात ओरडून सांगतो, कागद उलटून बघा. मी उलटला नाही. नऊ राजे येऊन गेले, मी सगळ्यांचे आभार मानले, पाहुण्या फादरना शाल दिली, आणि पालक पिशव्या आवरू लागले.

विंगेत मिस उभ्या होत्या. "सर, माझ्या मेंढ्या कुठं आहेत?"

पहिली 'ब'. अंगभर कापूस चिकटवलेली चौतीस मुलं मैदानापलीकडच्या वर्गात माझ्या हाकेची वाट बघत बसली होती. मिस पांढऱ्याफटक पडल्या.

"मिस, माझ्याकडून चूक..."

"ते मागून. पळा, आणा त्यांना."

"पण लोक निघाले."

"लोकांचं मी बघते."

मी पळालो. मैदानाच्या मध्यावर असताना मागून माइकची खरखर ऐकू आली, मग काहीच नाही. वळून बघितलं तर माइकसमोर मिस एकट्या, गळ्यात मोजपट्टी, दोन्ही हातांत पदर घट्ट धरलेला. लोक उठतच होते. मग त्या गाऊ लागल्या. अंगाई होती, मराठी. पहिल्या ओळीला आवाज कापरा झाला, दुसऱ्या ओळीला सावरला. उठलेली माणसं एकेक करून खाली बसली. शब्द फार थोड्यांना कळत असतील, पण कुठेतरी बाळ निजवलं जातंय एवढं सगळ्यांना कळलं असावं, कारण खुर्चीचाही आवाज कुणी करत नव्हतं.

वर्गात निम्म्या मेंढ्या डबे खात होत्या. एकीने स्वतःचा कापूस उपटून शेजारणीला मिशा लावल्या होत्या. मी कळप हाकत आणला. विंगेत मोजल्या तर तेहतीस. पुन्हा मोजल्या, पुन्हा तेहतीस. चौतिसावी माझ्या कडेवर झोपली होती.

मेंढ्या नाचल्या, म्हणजे चौतीस दिशांना गेल्या. झोपलेलीसुद्धा उभी राहिली आणि रडली, पण रंगमंचावर रडली. मी स्टुलावर बसून घाम पुसला. इतकं हलकं मला स्वतः बारावी पास झालो तेव्हाही वाटलं नव्हतं.

मैदान रिकामं झाल्यावर मी माफी मागायला गेलो. मिस पोशाखांच्या घड्या घालत होत्या. मी कागद पुढे केला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी नीट बघितला. "रकाने छान आखलेत," म्हणाल्या. मग घडी घालता घालता थांबल्या.

"सर, गाणं बरोबर होतं का?"

"सूर अगदी..."

"सुराचं नाही विचारत. मराठीचं. तुम्ही तिकडचे, तुम्हाला कळेल. आईच्या तोंडून ऐकलं तसं म्हटलं. मधले काही शब्द कानडी आहेत की जुने, मला ठाऊक नाही. आई गेल्यापासून विचारायला घरात कुणी नाही."

"निम्मे शब्द मला कळले नाहीत, मिस. पण चूक कुठं वाटली नाही."

"कळलं नाही तर चूक नाही हे कसं कळलं?"

त्यांनी हसून माझ्या बाहीवरचा कापूस काढला.

"रविवारी बायकोला घेऊन या. चार वाजता चहाला. नाही, स्वल्प लवकर या, तीनला." त्यांनी पुढचा पोशाख उचलला. "आणि मार्चनंतर रविवारच पाहिजे असं नाही."