चालीचा सातबारा

माझ्या लग्नाची वरात चिंचवडच्या चौकात अडली, ती दत्तोबा शेलारामुळे. मेहुणा रुसला नव्हता की मानपानावरून कुणी फुगलं नव्हतं. बँडवाल्यांनी नुकतंच एक नवं फिल्मी गाणं धरलं होतं आणि माझे मामा नाचायच्या बेतात होते. एवढ्यात आमच्या कंपनीतला हा टर्नर गर्दी सारत पुढे गेला आणि त्यानं क्लॅरिनेटवाल्याचा हातच धरला.

“मास्तर, ही चाल कुणाची?”

“पिच्चरची.”

“पिच्चरच्या आदी ही आमच्या देवळात व्हती. सातबारा कुणाच्या नावावर हाय त्ये सांगा, मंग वाजवा.”

मी आणि माझी नवी कोरी बायको फुलांच्या मोटारीत घामाघूम. “हे तुमच्याकडचे का?” तिनं मला विचारलं. नवऱ्याला उद्देशून तिनं बोललेलं हे पहिलं वाक्य. मास्तर बराच वेळ हटून बसला, पण दत्तोबा त्याहून हट्टी. शेवटी मास्तरनं “चाल चिंचवडकरांची!” असं भर चौकात ओरडून सांगितलं, तेव्हा कुठं वरात हलली. दत्तोबा मग सगळ्यांच्या पुढे जाऊन मनसोक्त नाचला.

आमची कंपनी पंप बनवायची. ती उभी राहिली तेव्हा आसपासच्या गावकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि बदल्यात घरटी एकेक नोकरी मिळाली. दत्तोबाच्या वाट्याला लेथचं यंत्र आलं. नवा माणूस दिसला की तो स्वतःची ओळख करून द्यायचा, “आमी हितलं मालक. आमच्याच वावरात नोकरीला हाय.” समोरचा हसावं की नाही या विचारात पडायचा. दत्तोबा मात्र खुशाल हसायचा.

जमिनीच्या सातबाऱ्यावरचं नाव पुसलं गेलं, तेव्हापासून तो गाण्यांचे सातबारे तपासायला लागला असावा, असं आम्ही हजेरी घेणारे टाइम ऑफिसातले लोक म्हणत असू. खरंखोटं देव जाणे. पण चहाच्या टपरीवर ट्रान्झिस्टर लागला की हा डोळे मिटून कान पुढे करायचा आणि निकाल द्यायचा. त्याचे निकालही ठरलेले. दोन चाली अगदीच सारख्या असल्या तर “सख्खी भावंडं”. थोडा फरक असला तर “चुलत”. आणि नुसताच वास येत असेल तर “गाववाली”. लॉटरीवाल्याच्या सायकलवरचं गाणं, साबणाची जाहिरात, शाळेची प्रार्थना, त्याच्या तावडीतून काहीही सुटलं नव्हतं.

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण चौकशी करायची खोड दांडगी. एकदा विचारलं, “दत्तोबा, सात सुरांत किती म्हणून वेगळं करणार लोक? सारखेपणा यायचाच.”

“सायेब, ज्वारी समद्यांच्या रानात येती,” तो म्हणाला. “म्हून काय दुसऱ्याची कणसं खुडावी?”

मी दोघांच्या चहाचे पैसे दिले.

दत्तोबाची स्वतःची अशी चाल एकच. एका गवळणीला त्यानं ती लावली होती. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मशीन शॉपमध्ये, यंत्रांच्या मधल्या मोकळ्या जागेत भजनी मंडळ बसायचं, तेव्हा टाळ सावरत तो आधी सांगायचा, “चाल माझी हाय बरं का, कुणाची उसनी न्हाई.” आवाज तापलेल्या तव्यावर पाणी पडावं तसा, पण चाल मोठी गोड. पायरी पायरीनं वर चढायची, वर गेल्यावर जरा थांबायची आणि मग एकदम खाली यायची. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, पदरी मूल नाही. गावठाणातल्या दोन खोल्यांत हा हातानं करून खायचा. “माझं म्हून येवडंच ऱ्हायलंय,” असं तो त्या चालीबद्दल म्हणायचा.

टूलरूमचा विल्सन या चालीच्या आड आला. विल्सन खडकीचा, केस मानेपर्यंत, पँट खाली झाडूसारखी पसरलेली. त्याच्याकडे गिटार होतं आणि रॉकच्या परदेशी रेकॉर्डी होत्या. दत्तोबाचं आणि त्याचं गूळपीठ. विल्सन कंपनीच्या कॉलनीतल्या आपल्या खोलीवर रेकॉर्ड लावायचा, दत्तोबा मांडी घालून ऐकायचा आणि इंग्रजीचं अक्षर न कळता सांगायचा, “ही मगाचच्या गाण्याची चुलत भईन.” विल्सन कपाळाला हात लावायचा.

त्या वर्षी खंडेनवमीला विल्सन स्वतः केलेलं इंग्रजी रॉक गाणं म्हणणार होता. खंडेनवमी म्हणजे आमच्याकडे दिवाळीहून मोठी. यंत्रांना झेंडूच्या माळा, कामगारांची बायकापोरं नटूनथटून कंपनी बघायला येणार, साहेबांची भाषणं, मग कार्यक्रम. निवेदन माझ्याकडे, कारण माझा आवाज माइकशिवायही ऐकू जातो. तालमीला विल्सननं गिटार छेडून पहिलं कडवं संपवलं, तोच मागून टाळ आपटल्याचा आवाज आला.

“ही चाल माझी हाय!”

आम्ही हसलो. दत्तोबा हसला नाही. विल्सनचा चेहरा पडला. “कसम से दत्तोबा, मी स्वतः केलीय राव. पंधरवडाभर झोपलो नाहीये मी.”

“म्या लावली तवा तू चड्डीत व्हतास.”

दोघांनी आपापलं म्हणून दाखवलं. आता मी अडाणी, पण बहिरा नाही. तीच चढण, तोच वरचा थांबा, तेच खाली येणं. गिटारचा दणदणाट बाजूला काढला की राहते ती गवळणच. दत्तोबानं जाहीर केलं, की आपलं नाव लावल्याशिवाय हे गाणं वाजलं तर भजनी मंडळ बसणार नाही. विल्सन म्हणाला, मी चोर नाही, चोर ठरून दत्तोबाचं नाव लावणार नाही. दोघांचं बोलणं बंद झालं. कंपनीत तट पडले. मिलिंगवाले विल्सनकडे, ड्रिलिंगवाले दत्तोबाकडे. मॅनेजरसाहेबांनी माझ्यावर ढकललं, “तुम्ही मिटवा, नाहीतर दोन्ही रद्द.”

मी वाचनालयात बसलो आणि इंग्रजी मासिकं धुंडाळली. एका मासिकात नेमकं हेच भांडण सापडलं. परदेशातल्या एका बड्या रॉक गायकावर दावा लागला होता, की तुझ्या गाण्याची चाल आमच्या जुन्या गाण्यावरून उचललीय. न्यायाधीशानं म्हणे दोन्ही गाणी बारकाईनं तपासली आणि सांगितलं, की यानं मुद्दाम केलं नसेल. कधीतरी ऐकलेलं मनात मुरून राहिलं असेल आणि आपलंच म्हणून बाहेर आलं असेल. पण नकळत उचलली तरी उचललीच. मला हर्ष झाला. कुणालाही चोर न म्हणता निकाल देता येत होता.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये पंचायत भरली. मी तो खटला मराठीत समजावून सांगितला. विल्सन ऐकत राहिला, मग हळूच म्हणाला, “दर गुरुवारी टूलरूममध्ये भजन ऐकू येतं खरं. मुरलं असेल.” त्यानं हात पुढे केला. “लाव राव तुझं नाव.”

दत्तोबाचा चेहरा उजळला. “पयल्यांदा म्या म्हून दावतो, तू मागनं वाजीव,” असं विल्सनला म्हणत त्यानं तार स्वरात गवळण सुरू केली. मागून विल्सनचं गिटार आलं. झकास जमलं होतं.

“अगं बया!” आमटी वाढता वाढता येसूबाई ओरडली. येसूबाई त्याच साली कॅन्टीनला लागली होती, म्हाळुंग्याची. दत्तोबाच्या बायकोचं माहेरही म्हाळुंगंच. त्या दोघी लहानपणच्या मैत्रिणी, म्हणून दत्तोबा तिचे दाजी. “दाजी, पारूची चाल तुमाला कुठनं गावली?”

“कुणाची?”

“पारूची वो, तुमच्या कारभारणीची! माळ्यावर उबी ऱ्हाऊन पाखरं हाकायची न्हवं का ती? आमी दोघी जोंधळा राखायचो.” येसूबाईनं हातातलं ओगराळं डोक्याभोवती फिरवलं. “गोफण फिरली की आवाज चढवायचा, फिरली की चढवायचा. मंग वर धरायचा... आन् धोंडा सुटला की सोडून द्यायचा. ती लगीन करून हितं आली तरी तुमच्या रानात आसंच हाकायची. मी आले व्हते की राखणीला!” तिनं तसं म्हणून दाखवलं. शब्द नव्हतेच, नुसतं ‘हाऽऽ हो’. आमटीचे थेंब माझ्या शर्टावर उडाले, ते मी पुसायला विसरलो. चाल तीच होती. ती वर का थांबते आणि एकदम खाली का येते, तेही आता कळलं.

“म्हंजी दोगं बी चोर,” येसूबाई हसत म्हणाली आणि पुढच्या ताटाकडे वळली.

कॅन्टीनभर हशा उसळला. दत्तोबा ताटावरून उठला आणि न जेवता निघून गेला.

त्यानंतर तो कुणाशी फारसं बोलेना. टपरीवर ट्रान्झिस्टर ओरडत असे, हा समोरून मान खाली घालून जाई. गुरुवारी टाळ खुंटीवरच राहिले. मला फार वाईट वाटलं. जन्मभर दुसऱ्यांना धरणारा माणूस, त्याच्या हातातली एकुलती एक वस्तू मीच आणलेल्या कायद्यानं काढून घेतली होती. मी लेथपाशी जाऊन म्हटलं, “दत्तोबा, घरातल्या घरात कसली आलीय चोरी?” तो म्हणाला, “इचार करतूय सायेब. आटवतंय का बगतूय.” आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

खंडेनवमीला तो येईल असं वाटलं नव्हतं. आला. पांढरं धोतर, गुलाबी फेटा, दाढी घोटून केलेली. थेट माझ्याकडे येऊन म्हणाला, “गवळणीच्या आदी सांगायचं, चाल पार्वती दत्तोबा शेलार हिची. म्हाळुंग्याची म्हून बी सांगा. इल्सनच्या गान्याला बी त्येच.”

मी तसं सांगितलं, जमेल तितक्या मोठ्यानं. विल्सननं इंग्रजीतून पुन्हा सांगितलं, नाव मात्र घोकून आल्यासारखं नीट उच्चारलं. मग त्याचं रॉक झालं, पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. मग गवळण झाली. वरच्या थांब्याला दत्तोबाचा आवाज फाटला, तेव्हा पुढच्या रांगेतून येसूबाईनं सूर धरून तो खाली आणला.

कार्यक्रम संपल्यावर लोक पेढे घेऊन पांगले. दत्तोबा शॉपच्या दाराशी पायरीवर एकटाच बसला होता. मी शेजारी बसलो. खोडच माझी, राहवलं नाही म्हणून विचारलं, “आठवलं का मग?”

“आटवलं. आवाज बी आटवला. तोंड इसरत चाललो व्हतो, त्ये बी आलं.” तो फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होता आणि हसतही होता. “मोप वर्सं झाली तिला जाऊन. सांजच्याला भाकरी थापताना हीच चाल गुणगुणतो म्या, रोज. मला आपलं वाटायचं, घरात एकलाच हाय.”