ओव्हाळ नानांचा कार्डाचा अर्ज

कळंबला आमच्या शेजारी राहणारे ओव्हाळ नाना साबणाच्या नव्या वडीचं वेष्टण अथपासून इतिपर्यंत वाचल्याशिवाय अंघोळीला जात नाहीत. खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातला तो घडीचा कागद वाचायला त्यांना इतका वेळ लागला की तोवर खोकलाच बरा झाला, असं नानी सांगतात. बाटली अजून तशीच आहे.

नाना एसटीत कंट्रोलर होते. पस्तीस वर्षं स्टँडवर बसून गाड्या पुकारल्या, त्यामुळं घरातही ते पुकारल्यासारखंच बोलतात. "सर, बारीक अक्षर वाचत जावा. ठळक अक्षर लबाड असतंय!" हा त्यांचा मला रोजचा उपदेश. मी शाळेत मराठी शिकवतो, हे त्यांच्या लेखी गौण आहे.

एका दुपारी नानांना क्रेडिट कार्डासाठी एका मुलीचा फोन आला. आपण असे फोन कापतो. नानांनी खुर्ची ओढली.

"वार्षिक फी आजन्म माफ? कुणाच्या आजन्म बाई? माझ्या का बँकेच्या?"

मुलगी गडबडली.

"विमानतळावर फुकट बसायची सोय? आवो, मी पस्तीस वर्षं स्टँडवर पगार घेऊन बसलोय. फुकट कशाला बसू?"

अर्ध्या तासानं तिनं रडवेल्या आवाजात वय विचारलं. नाना म्हणाले, "सहासष्ट."

"सॉरी काका, या वयात आमचं कार्ड मिळत नाही."

झालं! तोवर नानांना कार्ड नको होतं. आता हवंच होतं.

पुढचा पंधरवडा त्यांनी कळंबमधल्या बँका पालथ्या घातल्या. माहितीपत्रकं आमच्या ओट्यावर पसरून भिंगानं वाचली. स्थळं बघावीत तसं चाललं होतं. एक कार्ड दिसायला चांगलं पण व्याज तापट. दुसऱ्यावर सिनेमाच्या एका तिकिटामागं एक फुकट, पण नानी सिनेमाला येत नाहीत. शेवटी एका बँकेतल्या तरुण साहेबानं मार्ग काढला. मुदत ठेव ठेवा, तिच्यावर कार्ड देतो, वयाची अडचण नाही.

नाना खूश. "म्हंजी आपलेच पैसे ठिवायचे आन आपणच उधार घ्यायचे. झ्याक! सावकार तरी वळखीचा."

शनिवारी ते अर्ज घेऊन माझ्याकडं आले. नाव, पत्ता, पेन्शन, सगळं मोत्यासारख्या अक्षरात भरून झालं. मग पेन थांबलं.

"आईचं माहेरचं नाव," नानांनी वाचलं. पुन्हा वाचलं. आवाज एकदम खाली आला होता.

"लिहा की नाना."

"कुठली आई?"

मला कळेना. मग हळूहळू समजलं. नाना वर्षाचे असताना आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. ज्या आईनं वाढवलं ती तामलवाडीची; तिनं कधी दुजाभाव केला नाही. पण पहिल्या आईच्या माहेराशी वडिलांचं काहीतरी बिनसलं आणि घरात तिचं नावच निघेनासं झालं. गाव ईट, एवढंच नानांना ठाऊक होतं.

"वाढवलं त्या आईचं लिहा ना," मी म्हणालो.

"खाली बघा, बारीक अक्षरात. माहिती खोटी निघाली तर अर्ज रद्द." त्यांनी अर्जाची घडी केली. "उद्या रविवार हाय. गाडीत पेट्रोल हाय का, सर?"

ईटमध्ये चार घरं विचारत आम्ही एका म्हातारीपाशी पोचलो. ती नानांच्या आईची चुलत बहीण निघाली. ऐकू कमी येत होतं, म्हणून नानांनी स्टँडवरच्या आवाजात ओळख दिली. म्हातारीनं त्यांची हनुवटी धरली.

"तिचा ल्योक व्हय तू? लई उशीर केलास रं."

"मावशी, आईचं नाव काय होतं?"

"सासरचं का माहेरचं? लग्नात बदललं होतं बग." आणि तिनं सांगितलं. पाळण्यातलं नाव, वडिलांचं, आडनाव, सगळं.

"परत म्हणा," नाना म्हणाले.

तिनं म्हटलं. नानांनी तिसऱ्यांदाही म्हणायला लावलं. "हसताना तोंडाला पदर लावायची न्हाय," म्हातारी म्हणाली, "त्यावरनं बोलणी खायची." नाना भिंतीला टेकून खाली बसले.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर बँकेत गेलो. नानांनी साहेबाला विचारलं, "हे आईचं नाव कशाला लागतं?"

"फोनवर ओळख पटवायला, काका. आमची माणसं विचारतात, तुम्ही सांगायचं."

"कोण माणसं?"

"कॉल सेंटरची. जो फोन घेईल तो."

नानांनी अर्जाची घडी उलगडली. वाढवणाऱ्या आईचं तामलवाडीचं नाव त्या रकान्यात लिहून त्यांनी सही केली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "नाना, मग एवढं ईटला कशाला गेलो?"

"हीबी आईच हाय, खोटं काय लिहिलं न्हाय. पण ते नाव फोनवर परक्याला कसं सांगू, सर? मलाच आत्ता कळलंय."

ते नाव मीही तीनदा ऐकलं आहे. पण ते मी इथं लिहिणार नाही.