घड्याळासोबत आलेला आजा

कर्र... कर्र... कर्र...

लेक रेवू नुकतीच झोपली होती. रविवारची दुपार, कूलरची मोटर जळालेली, शेजारच्यांचा टीव्ही बंद, त्यामुळे घरात अशी शांतता होती की चंदाला तिची भीतीच वाटत होती. चहा गरम असताना पिण्याचा योग पाच वर्षांत पहिल्यांदाच आला होता. पहिला घोट तोंडात गेला आणि आतल्या खोलीतून तो आवाज आला.

"अहो," ती दबक्या आवाजात म्हणाली, "ज्वारीच्या पोत्यात उंदीर शिरला वाट्टे!"

"उंदीर नाही, मी हाओ," आतून कुलदीप म्हणाला.

तो पलंगावर मांडी घालून बसला होता आणि मनगटावरच्या घड्याळाला चावी देत होता. चेहऱ्यावर असा भाव, की हा थांबला तर अमरावती जिल्ह्यात संध्याकाळच होणार नाही.

"मोबाइलमंधी टाइम दिसत नाही का तुमाले?"

"टाइम पाहाले कोन घेतलं? हे विंटेज आहे."

"म्हंजे जुनं."

"जुनं नाही व! विंटेज!"

"मंग वलगावच्या घरचा पंखा बी विंटेजच म्हना. तो बी बांधा दुसऱ्या हातावर."

चंदाचं चुकत नव्हतं. वलगावला कुलदीपच्या आईच्या घरी सगळंच जुनं होतं: पंखा, मोटरपंप, छपरावरचे टिन, गावचा सरपंच. पण त्यांना कोणी विंटेज म्हणत नसे. विंटेज व्हायला वस्तू नुसती जुनी असून भागत नाही, ती दुसऱ्याची असावी लागते.

कुलदीप कॉलेजात इतिहास शिकवत असे, 'घड्याळी तासिका तत्त्वावर'. म्हणजे शिकवलेल्या तासाचा पैसा आणि उरलेल्या तासांत देवाचं नाव. नऊ वर्षं झाली, तत्त्व बदललं नव्हतं. आता मात्र एक कायमची जागा निघणार होती आणि पंधरा दिवसांवर मुलाखत आली होती. कुलदीपने अभ्यास सोडून बाकी सगळी तयारी केली. अभ्यासाच्या वह्या तशाही चंदाच्या होत्या, एम. ए.ला दोघं एकाच वर्गात, ती पहिली आली होती आणि तो आला होता. नंतर नेट परीक्षाही ती आधी पास झाली, मग रेवू झाली आणि प्रमाणपत्र लोखंडी कपाटात गेलं.

मोबाइलवर 'जुनी घड्याळं, नवे रसिक' नावाचा एक गट होता. त्यातले पुण्याचे एक रसिक रोज उपदेश करत. पहिलं घड्याळ साधं घ्यावं. तबकडी रंगवलेली नसावी. आणि काही झालं तरी घड्याळाची डबी घासून चकचकीत करू नये, ओरखडा म्हणजे इतिहास! कुलदीपला पटलं. मुलाखतीत डोकं कोणाला दिसतं? मनगट दिसतं.

बजेट दोन हजार. तेवढे खिशात घालून तो अकोल्याला अब्दुल रहीमच्या दुकानात गेला. दुकान कसलं, जिन्याखाली एक टेबल, एक दिवा आणि डोळ्याला भिंग लावलेले अब्दुल रहीम. त्यांनी तीन घड्याळं पुढे ठेवली.

"हे पाहा सर. हे पयलं नवरदेवावानी हाय. वरून चकाचक, आतून कोनाले मालूम नहीं. दुसरं जावयावानी, कब रुसेगा भरवसा नहीं. आन हे तिसरं. सासऱ्यावानी. बोलनार नाही, पन चालतच राहीन."

तिसऱ्याची तबकडी दुधावरच्या सायीसारखी पिवळसर झाली होती. कुलदीपने ते उलटं करून पाहिलं. पाठीवर कोरलेलं होतं: 'श्री. खुशालराव गुरुजी यांना सेवानिवृत्तीनिमित्त संस्थेतर्फे सप्रेम भेट, १९९३.'

"घासून देऊ का नाव? दो मिनट का काम है."

"नाही नाही! हात नका लावू! इतिहास आहे तो!"

अब्दुल रहीमनी भिंग काढून त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. "आपकी मर्जी. पन सर, दुसऱ्याच्या नावाचं सामान कोनी घरात आनते का?"

कुलदीपने आणलं.

चार दिवसांनी तो अर्जाची फाइल घेऊन कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष भगवंतराव यांच्या केबिनमध्ये गेला. भगवंतरावांनी फाइलकडे पाहिलं नाही. चहा मागवला, बिस्किटं मागवली आणि म्हणाले, "चावीचं का? काढ बरं, पाहू दे."

काम जमलं असं कुलदीपला वाटलं. भगवंतरावांनी घड्याळ उलटं केलं आणि खुर्चीतून अर्धे उठलेच.

"अरे बाप्पा! खुशालराव गुरुजी! माह्या वडलांनी माह्यासमोर देल्लं हे त्याहिले! पाचवीत मले गुरुजीच होते. अपूर्णांक शिकोले त्याहिनं मले. तू गुरुजीचा कोन?"

आता वऱ्हाडात एक नियम आहे. नातं लागत नसेल तर ते तिथल्या तिथं, चहा येण्याआधी सांगावं लागतं. एकदा चहा प्यायला की माणूस कोणाचा ना कोणाचा तरी झालेला असतो. कुलदीपच्या हातात अर्धं बिस्किट होतं आणि उरलेलं अर्धं कपात बुडालेलं. ते चमच्याने काढताना त्याची मान खाली गेली. भगवंतराव स्वतःच हिशेब लावत होते.

"आडनाव तं जुळत नाही... मंग बायकोकडून असशीन. गुरुजीचा नातजावई! बरोबर?"

मान अजून खालीच होती. ती वर आणून 'नाही साहेब, विकत घेतलं' म्हणायला कुलदीपला पुरतं एक मिनिट मिळालं होतं. पण त्या मिनिटात भगवंतराव म्हणाले, "लेका, नऊ वर्षांत सांगतलं नाही! मंग तं तू घरचाच!"

कुलदीपकडे नेट होती, पीएच. डी. होती, चार शोधनिबंध होते. पण संस्थेत चालणारी पात्रता एकच, घरचा असणं. ती आज बिस्किटाबरोबर कपात पडली होती. त्याने ती सावकाश गिळली.

"पुढच्या शनवारी आपलं शिबिर आहे, 'शेतीसंकट : एक चिंतन'. गुरुजी शेतकऱ्याच्या घरचे. त्याहिले घेऊन ये, सत्कार करू. तवाच तुह्या जागेचं बी पाहू."

घरी येऊन कुलदीपने हे सांगितलं तेव्हा चंदा पोळ्या लाटत होती. लाटणं हातातच राहिलं.

"माहा आजा? माहे दोन्ही आजे कधीचे वर गेले!"

"हा तिसरा समज."

"समज काय? आजा हाय का गॅसचं सिलिंडर, एक संपलं की दुसरं लावाले?"

तिने ठरवलं, त्या म्हाताऱ्याकडे जायचं, घड्याळ परत द्यायचं, पाया पडून माफी मागायची. कुलदीपने ठरवलं, जायचं आणि म्हातारा एका दिवसासाठी मागून आणायचा. दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की जायचं. अब्दुल रहीमनी फोनवर पत्ता दिला. "मास्टरसाब पातूर में रहते. एकदम ठणठणीत. बच के रहना."

पातूरला खुशालराव गुरुजी ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसले होते. वय ब्याऐंशी, पाठ सरळ, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला. मुलगा पुण्याला, तो दर दिवाळीला येणार असतो. रेवूने काही न विचारता शेजारी बसून खडे वेचायला घेतले. कुलदीपने घसा साफ केला आणि शिवाजी महाराजांपासून सुरुवात केली. गुरुजींनी हात वर केला.

"मुद्द्यावर ये. उत्तरपत्रिकेत पुरवण्या लावनारं पोरगं म्हंजे उत्तर येत नसनारं."

कुलदीप मुद्द्यावर आला. चंदाने घड्याळ पुढे ठेवलं. "गुरुजी, हे तुमचं ठेवा. आमची चूक झाली."

"मी काय करू त्याचं? चावी द्याले बोटात जोर नाही राह्यला, म्हनून रहीमले देल्लं." मग त्यांनी डाळीतला आणखी एक खडा वेचला. "म्हंजे मी तुहा आजा."

"नाही गुरुजी, ते याहिच्या तोंडून..."

"एका दिवसाचा आजा मले जमनार नाही," गुरुजी म्हणाले. "अर्धवट काम मी चौतीस वर्ष नोकरीत केलं नाही. व्हाचं तं पुरा आजा होईन. मले आबा म्हनाचं. तुह्या मामाचं नाव काय? लहानपनी गोवर कधी निंगाला? भगवंत विचारन तं मले यायले पायजे."

आणि ते उठून पिशवी भरू लागले. शिबिराला सहा दिवस होते.

त्या सहा दिवसांत आबांनी घर हातात घेतलं. दूधवाल्याला वाटेत हापसा लागतो का विचारलं. कुलदीपच्या शोधनिबंधात लाल शाईने सतरा चुका काढल्या. रेवूला वीसपर्यंत पाढे पाठ झाले आणि चंदाला सहाही दिवस सकाळचा चहा गरम मिळाला, कारण तो आबा करत. "नातीनं आज्याच्या राज्यात काहून उठावं लवकर?" असं ते म्हणत. चंदा कपात तोंड घाली. हे नाटक आहे, हे तिला दर घोटाला आठवून घ्यावं लागे.

चौथ्या दिवशी वलगावहून मैनाबाई आल्या. कुलदीपची आई. त्यांनी लग्नात चंदाकडचा माणूस न् माणूस मोजून जेवू घातला होता. ओसरीत म्हातारा बघून त्या दारातच थांबल्या.

"हे कोन व, चंदा?"

चंदा कोरडेच हात पदराला पुसू लागली. कुलदीप मोरीत हात धुवायला गेला तो आलाच नाही.

"मी चंदाचा आजा," आबा म्हणाले.

"लग्नात नाही दिसले तुमी!"

"रुसलो होतो."

मैनाबाईंचा चेहराच बदलला. "कशापायी?"

"मानाचा शेला नाही भेटला."

"मंग बराबर हाय तुमचं!" मैनाबाई म्हणाल्या. कोणत्याही लग्नात एक म्हातारा रुसून गावीच राहतो. तो कोण होता, हे सात वर्षांनी कळलं याचं त्यांना समाधान वाटलं. पण चूक वरपक्षाची निघाली. त्या तशाच बाजारात गेल्या, शेला, टोपी आणि नारळ आणला, आबांना पाटावर बसवलं आणि कुंकू लावलं. "माफी द्या आबाजी. तवा आमच्याकडची मंडळी घाईची होती." आबांनी मोठ्या मनाने माफ केलं. आता हे नातं मोडायचं तर पंचायत बसवावी लागली असती.

शनिवारी शिबिर भरलं. ते बोंडअळीचं वर्ष होतं. मंडपाबाहेर कापसाची बोंडं हातात घेऊन दहा-बारा शेतकरी उभे होते. त्यांना आत जागा नव्हती, कारण आत चिंतन चाललं होतं. मंचावर प्रत्येक वक्त्यापुढे काजूची एक बशी होती. संकट जसजसं गंभीर होत गेलं, तसतशा बश्या रिकाम्या झाल्या.

भगवंतरावांनी आबांना शेला पांघरला आणि माइक दिला. कुलदीप पहिल्या रांगेत, नवा शर्ट, घड्याळाचा हात मुद्दाम गुडघ्यावर. त्याच्याशेजारी रेवूला मांडीवर घेतलेली चंदा. मनातल्या मनात ती एकच गोष्ट म्हणत होती, हा माणूस आता खरं बोलून टाकेल.

"मी भगवंतले अपूर्णांक शिकोले," आबा म्हणाले. "त्याले अजून येत नाहीत. आले असते तं बाहेर उभे किती आन आत बसले किती, हे त्यानं काढलं असतं."

मंडप हसला. भगवंतराव सर्वांत मोठ्याने हसले. अध्यक्षाला तेवढं करावंच लागतं. मग त्यांनीच माइक घेतला.

"गुरुजी, आज तुमच्या नातजावयाचं काम करतो म्हनलं होतं मी..."

"त्याचं काहून?" आबा म्हणाले. "जावई म्हंजे पावना. पावन्याले कोनी कामाले लावते का? घरची तं माही नात आहे. शिक्षन तं पाहा तिचं. एम. ए.ले पयली. नेट पास. याच्या निबंधातल्या चुका बी तिनंच पयले दाखोल्या होत्या, यानं ऐकल्या नाहीत."

भगवंतरावांनी चंदाकडे पाहिलं, मग कुलदीपकडे, मग पुन्हा चंदाकडे. तर्क वऱ्हाडी होता आणि बिनतोड होता. आख्खा मंडप 'बराबर हाय' म्हणून गेला. चंदाचा अर्ज तिथल्या तिथं लिहून घेतला गेला. मुलाखत झाली तेव्हा समितीने चंदाला दोनच प्रश्न विचारले, गुरुजींची तब्येत कशी आहे आणि रुजू कधी होता. ती तिसऱ्या प्रश्नाची वाट पाहत तशीच बसून राहिली. तिला खरंच सगळं येत होतं.

नेमणुकीची ऑर्डर आली त्या दिवशीही आबा घरीच होते आणि कुलदीप सकाळभर घड्याळाला चावी देत होता. दुपारी तो स्वयंपाकघरात आला आणि हळूच म्हणाला, "चंदा, आबाले आता पातूरले जाऊ देनं बरं. कागद हाती आला. जास्त दिवस राह्यले तं कोनाले तरी समजन. तुह्याच नोकरीचं वांधं होईन."

चंदाने त्याच्याकडे रागाने पाहिलं. नीट पाहता मात्र आलं नाही, कारण सकाळी अंघोळ करताना हाच विचार तिच्याही डोक्यात येऊन गेला होता.

बाहेर आबा न सांगताच पिशवी भरत होते. त्यांना अपूर्णांक येत होते. धोतर, दोरा बांधलेला चष्मा, मैनाबाईंचा शेला. "चार वाजताची गाडी भेटते, पोरी," ते म्हणाले. "दशम्या बांधशीन दोन?"

तिने दशम्या बांधल्या, दोनच्या जागी आठ. 'राहा ना आबा' हे शब्द तिच्या ओठापर्यंत आले. पण ते आता खोटे वाटले असते की खरे, हे तिचं तिलाच ठरवता येईना. पाठीमागून पदर ओढला गेला. रेवू होती, डोळ्यांत पाणी आणलेली.

"आई, आबा काहून जाऊन राह्यले? आपलं काम झालं म्हनून?"