समुद्रावरची पाळत

१९५५ साल. मी तिशीचा. कोकणातल्या एका गावी ओहोटी लागली, समुद्र शंभर पावलं मागं सरकला, आणि उखा नानानं सगळ्यात आधी माझ्याकडं बघितलं.

"पाट कोनी फोडा रे, भिला?"

मी चार बुकं शिकलेला माणूस, पण समुद्र चोरून न्यायला पाट पुरत नाही एवढं मला कळतं. तसं मी सांगितलं. नाना म्हणाला, "चोर असंच सांगस."

नाना आमच्या गावचा पाटकरी. धुळ्याजवळ पांझरेच्या पाण्यावर आमची शेती. कुणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं ते नानाच्या हाती, त्यामुळे त्याच्या लेखी गाव म्हणजे चोरांची टोळी. सकाळी तो माणसाचं तोंड बघायचा नाही, पाय बघायचा. पायाला ओला चिखल दिसला की मान हलवून म्हणायचा, "यामा काहीतरी शे." स्वतःच्या मुलीच्या लग्नात नवरदेवाचे पाय धुताना हा वाकून त्याची नखं तपासत होता.

मी पाणी चोरलं होतं. एकदा. ते मी नाकारत नाही. पण ते पांझरेचं होतं, समुद्राचं नव्हतं.

तर ही एकुलती मुलगी वच्छी. तिची आई लवकर गेली, नानानंच तिला वाढवलं. जावई टपालात कारकून, बदलीनं कोकणात गेला. गहू निघाल्यावर वच्छीचं पत्र आलं : सर्व खुशाल, आठ दिवस विसाव्याला या. गुरुजींनी ते वाचून दाखवलं. नानानं तीनदा वाचायला लावलं.

"सासरनी एक बी तक्रार नही? यामा काहीतरी शे."

पोरगी दुःख लपवते आहे असं त्यानं धरलं. डोळ्यांनी बघायचं, आणि तसं असेल तर तिला घेऊनच परतायचं. मला सोबत नेलं ते प्रेमानं नाही. मी मागं राहिलो तर पाटाचं काय, म्हणून. मीही गेलो. भितो काय?

चाळीसगावहून रेल्वे, मुंबईहून बोट. उतरल्या उतरल्या नानानं वच्छीला बजावलं, "दोन रात. लेकना घर बापनी पसरू नये." आमच्याकडे तशी रीतच आहे. मुलीच्या घरी बाप फार टेकत नाही, लोक हसतात.

घर नारळांच्या सावलीत, पुढं वाळू. पहिल्या दिवशी जावयानं शहाळं दिलं. नानानं ते फिरवून फिरवून बघितलं. "याले तोंड नही. मंग मजार पानी कोनी सोडं?" आत पाणी सोडणाऱ्याच्या तपासासाठी आणखी दोन प्यायला. जेवताना गुलाबी सोलकढी आली. "ताक लाल कसं? यामा काहीतरी शे." तीन वाट्या तपासल्या.

दोन रात्री सरल्या. मी वळकटी बांधली. नाना म्हणाला, "थांब. समुद्रना निकाल नही लागना."

मग तो वाळूत काठी रोवून बसायचा. बसायचा कसला, सुरूच्या सावलीत आडवा व्हायचा, एक डोळा उघडा ठेवून. शेजारचा कोळी हसून म्हणाला, "नाना, दिवसातनं दोनदा जातं आणि दोनदा येतं. पाळी चुकत नाही."

"पाटकरी कोन शे?"

कोळ्यानं आकाशाकडं हात केला. "चंद्र."

नाना बराच वेळ वर बघत राहिला. आमच्या गावच्या एकाही माणसाकडं त्यानं इतक्या मानानं बघितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी संशय जावयावर आला. तो रोज स्वतः विहिरीवरून कळशी आणायचा. "नवरा पानी भरस? बठ्ठा मियेल शेत." सगळे सामील आहेत म्हणे! दोन दिवस नाना त्याच्या मागं मागं विहिरीवर गेला. शेवटी वच्छीच म्हणाली, "आबा, मला दिवस गेलेत. म्हणून ते मला वाकू देत नाहीत. तुम्हाला सांगायला लाजत होते मी."

नाना उठून वाळूत गेला.

आठव्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं पाण्याजवळ बसलो होतो. वच्छीनं बापाला डिवचलं, "आबा, आते कशाना संशय राहिना?"

नानानं समुद्राकडं बघितलं, घराकडं बघितलं. माझ्या पायांकडंसुद्धा बघितलं.

"कशानाच नही," तो म्हणाला. "उद्या निघनं पडी."

आवाज असा आला, जसा पाट कोरडा पडल्यावर त्याचा यायचा. तेव्हा माझ्या जाड डोक्यात उजेड पडला. तपास करणाऱ्याला मुलीच्या घरी राहता येतं, बापाला येत नाही. आणि गावी त्याच्या चुलीपुढं बसायला दुसरं माणूस नव्हतं.

मी म्हणालो, "नाना, मी एकटा जातो. तू थांब."

"पाट खुला मिळी ना तुले!"

"मिळीच."

"मंग मी बी येस," तो म्हणाला आणि झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीचा भोंगा झाला तरी नाना ओसरीवर घोरत होता. जन्मात पहिल्यांदा उजाडल्यावर झोपलेला. वच्छी त्याला हाक मारणार, तोच मी तिला हातानं थांबवलं, माझी वळकटी उचलली आणि एकटाच बोटीकडं नेणाऱ्या पडावात जाऊन बसलो.