उजव्या बाजूची काच

बापूने कॅमेरा घेतला, त्याआधी आठ महिने तो कॅमेरा घेतच होता.

बापू एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती, त्यामुळे कुठलीही गोष्ट हातात आली की आधी तिच्यात काय चुकलंय ते त्याला दिसायचं. कॅमेऱ्यांचंही तेच झालं. एक वजनाला जड, दुसऱ्याची बॅटरी टिकत नाही, तिसऱ्याची बटणं इतकी बारीक की बोट एकावर ठेवावं तर तीन दाबली जातात. त्याने एक वही केली, तिच्यात रकाने पाडले आणि रोज संध्याकाळी त्या रकान्यांकडे बघत बसायला लागला.

"माझ्याशी लग्न करायचं पंधरा मिनिटांत ठरवलं होतंत," बायको एकदा म्हणाली.

"तेव्हा तुलना करायला काही नव्हतं," बापू वहीतून मान वर न करता म्हणाला. त्यानंतर दोन दिवस त्याला चहा स्वतः करून घ्यावा लागला.

शेवटी दुकानात गेला तेव्हा वही बरोबर होती. दुकानदाराने ती शांतपणे चाळली, मिटली आणि विचारलं, "साहेब, काढायचं काय आहे?"

"फोटो."

"ते कळलं. कशाचे?"

आठ महिन्यांत बापूने हा विचारच केला नव्हता. मागे रांगेत माणसं उभी होती. काहीतरी सांगायचं म्हणून तो म्हणाला, "माणसांचे. चेहऱ्यांचे." दुकानदाराने चेहऱ्यासाठी चांगली म्हणून एक जाडजूड लेन्स बसवून दिली आणि बापू घरी आला.

पण चेहरे मिळायचे कुठे? बायको कॅमेरा दिसला की पाठ फिरवायची. पहिल्या तीन आठवड्यांत बापूकडे नळाचे एकोणीस फोटो जमले, मांजराचे चौदा आणि बायकोच्या पाठीचे सहा. राहता राहिली आई.

आई शाळेची मुख्याध्यापिका होती. एकतीस वर्षं. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी गावातली निम्मी माणसं तिला रस्त्यात बघून हातातली सिगारेट टाकत. तिचा चेहरा कायम 'मागच्या बाकावर कोण बोलतंय?' असा असे. बापूने तिला रविवारी सकाळी खिडकीपाशी बसवलं.

"आवर लवकर. मला कामं आहेत," आई म्हणाली.

"जरा हनुवटी वर. आणि जरा मायेने बघ."

"कोणाकडे?"

"कोणाकडेही."

आईने खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर एका चिमट्यावर लोंबकळत होती आणि ती आता पडते की राहते, हे बघण्यात आई क्षणभर स्वतःला विसरली. बापूने बटण दाबलं.

फोटो संगणकावर उघडला तेव्हा तो खुर्ची पुढे ओढून बसला. मग बायकोला हाक मारली. ती वाकून बघायला लागली. म्हणाली, "आई अशा दिसतात?" बापूने फोटोत चूक शोधून बघितली. सापडली नाही. रंग काढून तो काळा-पांढरा केला आणि संध्याकाळी मोठा छापून घ्यायला स्टुडिओत गेला.

बाजारपेठेतल्या त्या स्टुडिओचे मालक जुन्या काळातले. हौशी लोकांवर त्यांचा राग होता. "तुमचे कॅमेरे आमच्यापेक्षा भारी, फक्त मागचा माणूस हलका," असं ते तोंडावर सांगत. पण आईचा फोटो कागदावर उमटून बाहेर आला आणि त्यांनी चष्मा कपाळावर सारला.

"हा कोणी काढला?"

"मी."

"तुम्ही?" त्यांनी फोटो उजेडात धरला, लांब धरला, जवळ धरला. "चाळीस वर्षं या धंद्यात आहे. असा माझ्या हातून दोनदा निघाला असेल. तीनदा म्हणत नाही. दोन-चार दिवस लावू का खिडकीत?"

बावीस वर्षांत बापूच्या कामाचं कोणी कौतुक केलं नव्हतं, कारण मुद्रितशोधकाचं काम चांगलं झालं की ते दिसतच नाही. आईला विचारायला हवं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. "लावा की," तो म्हणाला.

स्टुडिओला दाराच्या दोन बाजूंना दोन काचा होत्या. डावीकडे नवरा-नवरी, बाळं, पदवीचे झगे घातलेली मुलं. उजवीकडे गेलेल्या माणसांचे फोटो; कुठल्यातरी जुन्या ओळखपत्रावरून मोठे करून, चौकटीत बसवून ठेवलेले. घरचे येऊन नेईपर्यंत ते तिथे असत. असा नियम कोणी केला नव्हता, पण बाजारपेठेतलं शेंबडं पोरही जाता जाता उजव्या काचेत डोकावून कोण गेलं ते बघून घ्यायचं. डाव्या काचेवर दुपारचं ऊन येतं आणि चांगला छापलेला फोटो उन्हात पिवळा पडतो, म्हणून स्टुडिओवाल्यांनी सोमवारी सकाळी आईला उजवीकडे लावलं. वर काळी चौकट, कारण काळ्या-पांढऱ्या फोटोला तीच शोभते.

सोमवारी छापखान्याला सुट्टी होती आणि मंगळवारी उशीर झाला म्हणून बापू मागच्या गल्लीने छापखान्यात पोचला, तेव्हा यंत्रं चालू होती, पण माणसं उभी होती. छापखान्याचे मालक स्वतः पुढे आले आणि त्यांनी बापूचा हात हातात घेतला.

"बापू, फोटो बघितला. आमचा तर विश्वासच बसेना."

"माझाही बसला नाही," बापू लाजून म्हणाला.

"कधी झालं?"

"रविवारी. सकाळी दहाच्या सुमाराला."

"फार त्रास झाला का?"

"छे! खिडकीपाशी बसवलं, मान जरा वर करायला सांगितली, आणि झालं. एका क्षणात."

मालकांनी डोळे मिटले. "भाग्यवान. शेवटी काही बोलल्या?"

"'आवर लवकर, मला कामं आहेत' म्हणाली."

हे ऐकल्यावर बांधणीवाल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्या आईच्या विद्यार्थिनी. "शेवटपर्यंत तशाच हो!" त्या म्हणाल्या. फोटो चांगला आहे, पण रडण्याइतका आहे हे बापूला माहीत नव्हतं. त्याला भरून आलं.

"आणि तुम्ही कामावर कशाला आलात?" मालक म्हणाले. "आठवडाभर येऊ नका."

"एका फोटोसाठी आठवडाभर रजा?"

"फोटोसाठी नाही हो, बाई गेल्या म्हणून!"

"कुठे गेल्या?"

मालक बांधणीवाल्या बाईंकडे बघायला लागले, बांधणीवाल्या बाई बापूकडे, आणि बापूच्या डोळ्यांपुढे स्टुडिओची उजवी काच उभी राहिली. बावीस वर्षं तो त्या काचेवरून कामाला येत-जात होता. "अरे देवा," एवढंच म्हणून तो पळत सुटला.

घराबाहेर अकरा जोड चपला होत्या. आत आईच्या खुर्चीत आईच बसली होती आणि भोवती तिचे वेगवेगळ्या वर्षांचे विद्यार्थी खाली मान घालून उभे होते. सगळे सांत्वनाला आले होते. आईनेच दार उघडल्यावर त्यातल्या एका प्रौढ वकिलाला भोवळ आली होती आणि बायको त्याला वारा घालत होती.

"ये," आई बापूला म्हणाली. "कधी गेले म्हणालास मी?"

"आई, माझं चुकलं. मी आत्ता जातो आणि फोटो काढून आणतो."

तेवढ्यात हल्लीचे मुख्याध्यापक धापा टाकत आले. त्यांनी सकाळी काच बघितली होती, प्रार्थनेनंतर भाषण केलं होतं आणि शाळा सोडून दिली होती. आईला बघून ते दारातच थिजले.

"शाळा सोडलीत?" आईने विचारलं.

"हो, म्हणजे... आपल्या स्मरणार्थ..."

"एकतीस वर्षांत पावसाचं पाणी वर्गात आलं तरी मी सुट्टी दिली नाही. बाकावर पाय घेऊन बसवलं पोरांना. आणि तुम्ही माझ्या नावाने दिलीत? भाषणात काय बोललात?"

मुख्याध्यापकांनी खिशातून कागद काढला. आईने चष्मा लावून तो पूर्ण वाचला. वाचताना तिची मान हळूहळू खाली गेली. "प्रेमळ?" ती म्हणाली. "मला प्रेमळ कोणी म्हटलं?"

"मी म्हणतो, बाई," वकील पडल्या पडल्या म्हणाला. "माझ्याकडे चपला नव्हत्या, तेव्हा तुम्ही कपाटातून काढून दिल्या होत्यात. 'हरवल्यास तर बघ' असा दमही दिला होतात."

सगळे गेल्यावर बापू चपला घालायला लागला तेव्हा तिने त्याला थांबवलं.

"कुठे निघालास?"

"स्टुडिओत. फोटो काढून घ्यायला."

"राहू दे अजून एक-दोन दिवस."

"आई! लोकांना वाटतंय तू..."

"वाटू दे. अकरा वर्षांत या घरात पोस्टमनशिवाय कोणी आलं नव्हतं. आज किती आले, मोजलेस?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "कोण कोण येतंय ते कळू दे मला."

बापूला त्या रात्री झोप लागली नाही. आईला घरात कोणी येत नाही हे खुपतंय, हे आठ महिने त्याच खोलीत बसून कॅमेऱ्यांचे दोष लिहिणाऱ्या माणसाला दिसलं नव्हतं. आणि ती कोणाची वाट बघतेय हेही त्याला आता कळलं होतं.

मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, चार तासांच्या अंतरावर राहायची. आईच्या निवृत्तीच्या निरोप समारंभात तिने भरल्या सभागृहात हसत हसत म्हटलं होतं, "ताई, शाळा सुटली. आता तरी माणसांशी माणसांसारखं बोल." लोक हसले. आई हसली नाही. तेव्हापासून दोघींमध्ये ना पत्र, ना फोन.

बुधवारी दुपारी दाराशी रिक्षा थांबली. बाजारपेठेतली बातमी मावशीच्या गावापर्यंत पोचली होती; ती उतरली ती रडतच. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात ओला रुमाल. बापू पुढे धावला, पण दार आईने आधीच उघडलं होतं.

मावशीने आईकडे बघितलं. रडणं थांबलं नाही, पण त्याचा सूर बदलला.

"तू मेली नाहीस?"

"नाही."

"चार तास रडत आले मी! शेजारच्या सीटवरच्या बाईने मला तिचं पाणी दिलं, खांद्यावर डोकं ठेवू दिलं! आता तिला काय तोंड दाखवू?"

"म्हणजे मी मेल्यावरच येणार होतीस."

"जिवंतपणी बोलावलंस कधी?"

"बोलावलं नाही म्हणून आली नाहीस? मी मेले तेव्हा काय निमंत्रणपत्रिका पाठवली होती?"

"मी परत जाते."

"जा. शेवटची गाडी चारला आहे."

मावशीने घड्याळ बघितलं. सव्वादोन वाजले होते. "मग तोपर्यंत बसते," असं म्हणून ती आत आली आणि आईच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत आजवर बापूही बसला नव्हता. आई तिच्यासमोर स्टुलावर टेकली.

चार वाजले. गाडी गेली. दोघी भांडतच होत्या, पण भांडण आता निरोप समारंभावरून मागे सरकत, लहानपणी विहिरीत कोणी कोणाची पाटी टाकली इथवर पोचलं होतं. बापूने हळूच कॅमेरा आणला. खिडकीतून उजेड छान येत होता. पण दोघींपैकी एकीचं डोकं क्षणभर स्थिर राहील तर शपथ. त्याने साठ-सत्तर फोटो काढले. प्रत्येकात कोणाचा तरी हात हललेला, कोणाचं तरी तोंड उघडं.

"जरा गप्प बसता का दोघी?" तो म्हणाला.

"नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बापू स्टुडिओत गेला आणि आईचा फोटो घेऊन आला. स्टुडिओवाल्यांनी दहादा माफी मागितली आणि अकराव्यांदा म्हणाले, "पण फोटो मात्र अप्रतिम हो." मावशीने तो मांडीवर घेऊन बराच वेळ बघितला.

"बापू, माझाही काढ असाच एक. आणि लाव आमच्या गावात कुठल्यातरी काचेत."

"तुला कशाला?"

"मलाही बघू दे कोण कोण येतंय ते."

"तुझ्याकडे कोण येणार आहे?" आई फिस्कारली.

"तू ये," मावशी म्हणाली. "बाकी कोणी नाही आलं तरी चालेल."

आईने फोटो मावशीच्या मांडीवरून उचलला आणि भिंतीकडे तोंड करून टेबलावर ठेवला. मग उठून आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ तिचा.

"त्यासाठी फोटो कशाला लागतो? बापू, उद्या सकाळची पहिली गाडी कितीची आहे ते बघ. आणि आम्हा दोघींना सोडायला येणार असशील तर ये, पण ते यंत्र घरी ठेव. सामान उचलायला दोन्ही हात लागतील."