चांदणीसाठी स्थळ

"घोडा पाहून काय करू? घोड्याची माय दाखव! आधी माय दाखव!"

दिघोरीच्या राइस मिलच्या आवारात शालिकमामा असा काही ओरडला, की पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट लाखांदुरात जाऊन उतरली. समोर मिलमालक भाऊसाहेब चहाची बशी धरून उभे. त्यांच्या शेजारी त्यांचा मारवाडी घोडा. पांढराशुभ्र, आणि इतका तुळतुळीत की अंगावर माशी बसली तर घसरून पडावी.

"अहो शालिकराव, माय राजस्थानात आहे त्याची."

"मंग कायले बलावलं मले? मायचा पत्ता नाही अन् पोराचं लगन करून राहिले!"

शालिकमामा तसा कुणाचाच मामा नाही. बायको नाही, बहीण नाही, भाचे तर नाहीतच. पण सानगडीत तो सगळ्यांचा मामा, कारण आमच्या भागातला एकूणएक नवरदेव त्याच्या चांदणीच्या पाठीवर बसूनच संसारात उतरला. चांदणी म्हणजे वरातीची घोडी. समोर बँड वाजला, कानाशी सुतळी बॉम्ब फुटला, नवरदेव घाबरून मानेला मिठी मारून बसला, तरी ही आपली तलावाच्या पाळीसारखी स्थिर. लगाम मामाच्या हातात. आणि या दोघांना खेटून ताशा वाजवणारा मी. खोटं सांगत नाही, माझ्या ताशावर सानगडीच्या तलावातले मासे काठाला येऊन नाचलेले आहेत.

मामाचे दोन हट्ट. एक, बोलायचं ते ओरडूनच. मिठाची पुडी मागितली तरी दुकानदाराला वाटायचं, दरोडा पडला. दुसरा, कुणी पाठीमागून काही बोललं तर तो जवाबच देत नसे. मग तो सरपंच असो की जावयासकट आलेला आमदार. "समोर येऊन बोल!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. गावात त्याचा केवढा दरारा! लोक म्हणत, "पाह्य, मागून बोलणाऱ्याले मामा मोजतच नाही. माणूस असावा तं असा!"

तर या मामाच्या मनात आलं, चांदणीला एक पिल्लू हवं. जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "या उन्हाळ्यात जमलं तर जमलं. पुढे तिचं वय नाही." आणि चांदणी तर कुठल्याच घोड्याला जवळ फिरकू देत नव्हती. घोडा लांबून खिंकाळत यायचा, ऐटीत मागून अंगाशी भिडायचा, आणि ती दचकून अशी लाथ झाडायची की काय सांगू. त्यातला एक घोडा म्हणे अजून पोळ्याच्या मातीच्या बैलालाही घाबरतो.

म्हणून मामा स्थळं पाहत हिंडू लागला. मुलीच्या बापासारखं धुतलेलं धोतर, खांद्यावर दुपट्टा, पिकअपमध्ये चांदणी आणि सोबतीला मी, ताशासकट. परीक्षा एकच. घोड्यासमोर गवत टाकायचं, तो खायला लागला की मामा मला खूण करायचा, "वाजव!"

दिघोरीतही वाजवलं. दुसऱ्याच ठोक्याला तो मारवाडी राजपुत्र उधळला. ज्या खाटेला बांधला होता ती खाट आणि तिच्यावर वाळत घातलेल्या कुरड्या घेऊन तो धानाच्या बांध्या ओलांडत दिसेनासा झाला.

"नापास!" मामा म्हणाला, आणि भाऊसाहेबांचा चहा पिऊन निघाला.

असे कितीतरी उमदे घोडे नापास झाले. आम्ही थक्क. पिल्लाला पुढे वरातीत उभं राहायचं आहे, तर बाप धीराचाच हवा, एवढा लांबचा विचार घोड्याबद्दल कुणी केला असेल? आम्ही आमच्या पोरींची स्थळंसुद्धा इतकी पारखली नव्हती.

शेवटी आंबागडला पोचलो. किल्ल्याच्या पायथ्याशी कौशल्याबाईंचं घर. त्यांचा घोडा पाहून मला हसू आवरेना. मातीचा रंग, पोट धानाच्या पोत्यासारखं, एक कान फाटलेला. जन्मभर खाणीवर ओझी वाहिलेलं जनावर. मी काड्या उचलल्या. असा वाजवला, असा वाजवला की किल्ल्याचे दोन दगड खाली आले. घोडा गवत चावत राहिला.

मामाचे डोळे लकाकले. "माय दाखव!"

माय घरामागेच होती, म्हातारी. मामा हळूच तिच्या मागे गेला आणि हातातलं घमेलं दगडावर टाकलं. म्हातारी कान टवकारून गर्रकन वळली.

"मायचे कान शाबूत आहेत. पास!"

मला काही कळलं नाही. पण चांदणीला गाडीतून उतरवलं, आणि मी जे पाहिलं ते एरवी दहा पट वाढवून सांगितलं असतं. हे वाढवता येत नाही. तो घोडा खिंकाळला नाही. मागून आला नाही. लांबून मोठा वळसा घेऊन तिच्या अगदी समोर आला, ती नीट पाहीपर्यंत थांबला, आणि मग नाक पुढे केलं. चांदणीने ते हुंगलं. कुणाला जवळ न येऊ देणारी आमची चांदणी, तिने आपण होऊन त्याच्या मानेवर मान ठेवली. माझ्या हातातल्या काड्या हातातच राहिल्या.

कौशल्याबाई माझ्या जवळ येऊन म्हणाल्या, "लपवत नाही बापा. खाणीच्या सुरुंगानं याचे कान गेले. काहीच आयकू येत नाही त्याले."

झालं! मामा फसला! मी धावत सुटलो आणि मागूनच बोंब ठोकली, "मामा! घोडा बहिरा आहे!"

आंबागडचा डोंगर तीनदा बोलला. माझ्यासमोर तीन पाठी होत्या, घोड्याची, चांदणीची, मामाची. एकही हलली नाही.

मी तिथेच थांबलो. एवढ्या वराती, आणि माझा ताशा कायम त्या दोघांच्या कानाशी. मग त्या घोड्यासारखाच लांबून वळसा घेऊन मामाच्या समोर गेलो. तो माझ्या ओठांकडे पाहू लागला.

"मामा, घोड्याले आयकू येत नाही."

"मालूम आहे. असाच पाह्यजे होता," मामा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा न ओरडता.

"अन् पिल्लू?"

"पिल्लाले येईल आयकू. घरात कोणाले तरी आलं पाह्यजे ना."