कोटाच्या आतली पोरगी

टेलरमास्तरांनी वही उघडली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात 'आजपासून रोज लिहायचं' एवढंच होतं. पुढची सगळी वही कोरी करकरीत. आणि बायको दुपारच्या गाडीने परत येणार होती!

बायको नर्स. चार महिने परगावी ट्रेनिंगला गेली होती. निघताना वही हातात देऊन तिने बजावलं होतं, "पोरगी एवढीशी आहे. मी येईपर्यंत मला परकी समजायला लागेल. ती जे जे बोलेल ते लिहून ठेव. आल्यावर तिच्याशी बोलायला मला काहीतरी नको?" भीती खरीच होती. फोनवर पोरगी आईला फक्त छत दाखवायची, नाहीतर पायाचा अंगठा.

आता मास्तरांनी लिहिलंच नव्हतं, असं नाही हं. लिहिलं होतं, पण हाताशी येईल त्यावर. दुकान, स्वयंपाक, पोरीच्या वेण्या आणि वर गिऱ्हाइकांची बोलणी, यात वही कुठून सापडणार? हातात मात्र कायम खडू आणि टेबलावर हेडसरांचा कोट. 'उद्या देतो, परवा नक्की' करत मास्तरांनी तो चार महिने रखडवला होता. पोरगी काही बोलली की कोटाच्या उलट्या बाजूला खडूने लिहायचं, सवडीने वहीत उतरवू म्हणायचं. सवड मिळते कोणाला? काल मात्र हेडसर दुकानात ठाण मांडून बसले, तेव्हा मास्तरांनी घाईघाईत अस्तर लावलं, इस्त्री केली आणि कोट देऊन टाकला. भल्या माणसाने चार महिन्यांची पोरगी अस्तराखाली शिवून टाकली!

मास्तरांनी पोरीला शेजारच्या मावशींकडे सोपवलं, वही काखेत मारली आणि शाळेकडे सायकल हाणली.

हेडसरांचा आज निरोपसमारंभ. शिक्षकांच्या खोलीत नवा कोट घालून ते भाषण घोकत होते.

"सर, कोट काढा."

"का हो? छान बसलाय की!"

"काढा आधी! माझी पोरगी आहे आत."

हेडसरांनी दचकून दोन्ही खिसे चाचपले. तोवर मास्तरांनी कोट ओढून अस्तर टराटरा उसवलंही. आत काळंभोर कापड. एक अक्षर नाही.

"इस्त्री!" मास्तरांनी कपाळावर हात मारला. खडूच्या खुणा पाहून कुरकुरणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते स्वतःच सांगायचे, 'काळजी नको, इस्त्रीत जाईल.' गेलं! मास्तर मटकन खाली बसले आणि त्यांनी सगळी हकिगत सांगून टाकली. "तिने एवढी एकच गोष्ट मागितली होती हो. लिहिलंय म्हणून मी लक्षातही ठेवलं नाही. आता काय तोंड दाखवू?"

हेडसर शर्टावर उभे. ते म्हणाले, "त्यात मांजराच्या बटणांचं होतं का?"

"तुम्हाला काय माहीत?"

"कमाल करता! दर ट्रायलला हात वर करायला लावून ऐकवलंत. कोट मिळेना, पण तुमची पोरगी तोंडपाठ झाली मला."

"मलाही," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "चंद्राचं सांगून सांगून माझा ड्रेस दोन महिने टोलवलाय यांनी."

"आणि सावलीला खिसा नसतो ते?" दारातून शिपाई म्हणाला. "माझी पँट तर अजून यायचीय!"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते अस्तर टाचायला बसले, सगळे आठवून आठवून सांगू लागले आणि हेडसरांनी वही भरायला घेतली. बाहेर सभागृहात पाहुणे ताटकळले, पण उठतो कोण!

दुपारी बायको आली. पोरगी शिलाई मशीनच्या मागे जाऊन बसली. "ये ना गं," आईने हात पुढे केले. पोरगी आणखी आत सरकली. बायकोचा चेहरा पडला. काय करावं न सुचून तिने वही उघडली.

हेडसरांनी भाषा जरा 'शुद्ध' करून घेतली होती.

"'मार्जारास गुंड्या नसताना ते आपली वस्त्रे कशी उतरवते?'" बायकोने वाचलं आणि नवऱ्याकडे बघितलं. "ही असं बोलते?"

मास्तरांना घाम फुटला. इतक्यात मशीनमागून आवाज आला, "मी असं नाही म्हटलं!"

"मग काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, माऊला बटणंच नाहीत, मग ती अंघोळीला कपडे कशी काढते?"

बायकोने हसू दाबलं. "इथे तर तसं नाही. पुढे लिहिलंय, 'चंद्राचा आकार प्रतिदिनी कोण कमी करते?'"

"चूक!" पोरगी तरातरा बाहेर आली. "मी म्हटलं, चंद्र ढगळ होता का? रोज आत कोण घेतंय त्याला? बाबाला काही येत नाही. सरक, दाखव मला."

ती सरळ आईच्या मांडीवर चढून बसली. वाचता कुठे येत होतं तिला? तरी ओळीवर बोट ठेवून दटावत म्हणाली, "आई, आता मी सांगते तसं म्हण."